बोट आणि चंद्र : एका माऊसच्या चुकीची समीक्षा



विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी आम्हाला रस्त्यात गाठून विचारलं, की सर, तत्त्वज्ञान सोडून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलंत की काय? तसं काही नाही. आयुष्यभर आम्ही पुस्तकांची परीक्षणं लिहिली. आज एका दुरुस्तीचं परीक्षण करणार आहोत. दुरुस्ती अवघ्या तीनचार ओळींची आहे, ती आपल्याच गावातल्या एका मुलीनं केली, आणि तिच्यात आम्हाला जे दिसलं ते वर्गात तीस वर्षं शिकवूनही इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. तेव्हा थोडा धीर धरा. कॉम्प्युटरचं जे सांगू ते आम्हाला समजलं तेवढंच सांगू, म्हणजे ते सोपंच असणार.

आधी हकिगत.

आपल्याकडे पावसाळा म्हणजे अर्जुना आणि कोदवली. दोघी फुगल्या की जवाहर चौकात पाणी, हे आपल्याला नवं नाही. चौकापासून जवळच एक जुनं किराणा दुकान आहे. त्या दुकानाच्या मालकांना, ते आता हयात नाहीत, नोंदी ठेवायची सवय होती. एका श्रावणातल्या पुराच्या दिवशी त्यांनी दुकानाच्या खांबावर फुटांच्या खुणा पाहून दर थोड्या वेळानं पाण्याची उंची टिपली, आणि नंतर ती आलेख-कागदावर उतरवली. आडवी चोवीस तासांची रेघ, मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. उभी बारा फुटांची. मधून शाईची एक सुंदर वाकडी रेषा. कागद पिवळा पडला, पण रेषा शाबूत.

त्यांच्या सूनबाई आता दुकान बघतात. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. त्यांना दुकानाचा माळा नव्यानं बांधायचा होता. किती उंचीवर बांधू, आणि पाणी चढायला लागल्यापासून गोणी वर न्यायला हाताशी वेळ किती, एवढाच त्यांचा प्रश्न. त्यांनी कागद आमच्याकडे दिला. आमच्या शेजारची मुलगी इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत घरी आली होती. ती म्हणाली, "आजोबा, स्कॅन करून मी रेषेवर टिचक्या मारते, आकडे आपोआप निघतील." तिच्या लॅपटॉपवर आलेख काढायचं एक मुक्त सॉफ्टवेअर होतं. मुक्त म्हणजे ज्याचा कोड कुणीही उघडून वाचावा, बदलावा. चित्र पडद्यावर, खिडकी भरून. चित्राच्या डाव्या कडेला शून्य तास, उजव्या कडेला चोवीस, खाली शून्य फूट, वर बारा, असं तिनं आधीच लिहून दिलं. मग रेषेवर चाळीसेक टिचक्या. आकडे एका फाईलमध्ये जमा.

आकड्यांप्रमाणे त्या दिवशी पाणी सर्वात वर गेलं ते ९ फुटांवर, सकाळी १० वाजता.

आता यात आमचा दोष काय, ते ऐका. आकड्यांत दोन गोष्टी विचित्र होत्या. पाणी दिवसभरात ४ फुटांच्या खाली कधी उतरलंच नव्हतं, अगदी मध्यरात्रीसुद्धा. आणि दुपारी ४ नंतर नोंदच नव्हती. आम्ही काय केलं? कारणं पुरवली! म्हटलं, शून्य फूट म्हणजे गटाराचा तळ असेल. म्हटलं, चारनंतर बिचारे दमले असतील. माणूस शिकलेला असला की कारणांचा तुटवडा नसतो. शिवाय आम्ही एक ताळाही घेतला होता. पाणी तासाला किती चढतं, ते कागदावर फूटपट्टी लावून काढलं आणि आकड्यांवरूनही काढलं. दोन्ही तंतोतंत जुळलं. मग काय, आम्ही छाती पुढे काढून वहिनींना सांगून आलो की माळा दहा फुटांवर घ्या. दुकानाचं छत अकरा फुटांवर. म्हणजे एका फुटाच्या माळ्यात गोणी ठेवायची, किंवा छत उचलायचं.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "सर, दहाला पाणी कमरेएवढं पण नव्हतं. दुपारची जेवणं आम्ही माळ्यावर केली, नि त्याच्यानंतर तीनला ते सगळ्यात वर आलं. मामंजींनी खांबाला ऑइलपेंटची रेघ मारलीय, मोजा की."

मोजली. साडेसात फूट.

इथे आमच्यातल्या तत्त्वज्ञाच्या अध्यापकाला घाम फुटला. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं सांगितली. आम्ही प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोरावर गेलो होतो, आणि वहिनींच्या शब्दानं ते पाडलं. घरी आलो, शेजारणीला हाक मारली.

त्या पोरीनं पुढे जे केलं ते आमच्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वोत्तम काम आहे, दुरुस्तीपेक्षाही. तिनं रेषेवर टिचक्या मारणं सोडून दिलं आणि चित्राच्या चार कोपऱ्यांवर चार टिचक्या मारल्या. कोपऱ्यांची उत्तरं आधीच माहीत असतात, म्हणून. डावा वरचा कोपरा म्हणजे शून्य तास, बारा फूट. उत्तर आलं शून्य, बारा. बिनचूक. उजवा वरचा, चोवीस तास, बारा फूट. आलं सोळा, बारा. डावा खालचा, शून्य, शून्य. आलं शून्य, चार. उजवा खालचा, चोवीस, शून्य. आलं सोळा, चार.

म्हणजे चूक वेडीवाकडी नव्हती, तिला शिस्त होती. डाव्या वरच्या कोपऱ्यात ती शून्य, तिथून जसजसं उजवीकडे आणि खाली जावं तसतशी ती वाढते. सगळं चित्र त्या कोपऱ्याकडे दोन-तृतीयांश आकसलं होतं. वेळ दोन-तृतीयांश, उंचीचा फरकही दोन-तृतीयांश. आता पाहा, आमचा ताळा का जुळला! चढण्याचा वेग म्हणजे उंचीचा फरक भागिले वेळ. दोन्ही सारखेच आकसले तर भागाकार तोच राहतो. आम्ही नेमका तोच एक प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर चुकीनंसुद्धा बरोबर दिलं असतं. परीक्षक म्हणून आम्ही जन्मभर प्रश्नपत्रिका काढल्या, आणि इथे असा प्रश्न काढला की नापास मुलगाही पास व्हावा.

आता हे आकसणं आलं कुठून?

आपल्याला वाटतं की माऊसनं आपण चित्रावरच्या बिंदूकडे बोट दाखवतो. खरं म्हणजे माऊसला चित्र ठाऊकच नसतं. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास लाकडी खोक्यात पहिला माऊस बनवला तेव्हापासून तो बापडा एवढंच सांगतो, की मी इतका इकडे सरकलो, इतका तिकडे. त्यावरून यंत्राची मूळ व्यवस्था बाणाची जागा ठरवते. ती जागा खिडकी चालवणाऱ्या थराला कळते, तो आलेखाच्या सॉफ्टवेअरला कळवतो, आणि ते शेवटी ठिपक्यांचे तास-फूट करतं. तीनचार दुभाषे मध्ये. यातला एक दुभाषा वरून खाली मोजतो, कारण पडदे वरून खाली मोजतात, आणि आलेख शाळेपासून खालून वर मोजला जातो, म्हणून कुणीतरी मध्ये उलटापालट करतो.

आपल्याकडे शाखाचंद्रन्याय आहे. द्वितीयेची कोर दाखवायची असेल तर म्हणतात, ती फांदी बघ, तिच्या टोकाशी चंद्र. चंद्र काही फांदीला लटकलेला नसतो, पण नजर तिथे जाते. माऊसची टिचकी ही अशी फांदी आहे. मात्र फांदीचा उपयोग कधी होतो? दाखवणारा आणि बघणारा एकाच अंगणात उभे असले तर. मी राजापुरातून फांदी दाखवायची आणि तुम्ही लांज्यात आपल्या अंगणातली फांदी बघायची, तर चंद्र सापडायचा नाही.

इथे तसंच झालं. पडद्यावर दोन प्रकारचे ठिपके असतात. एक काचेवरचा, खराखुरा प्रकाशाचा ठिपका. दुसरा हिशोबाचा ठिपका. पूर्वी दोन्ही एकच होते. मग पडदे इतके बारीक विणीचे झाले की काचेवरच्या ठिपक्यांच्या मापानं अक्षरं काढली तर ती मुंग्यांसारखी दिसली असती. २०१२ साली अॅपलनं जो बारीक विणीचा लॅपटॉप आणला त्याच्या काचेवर २८८० गुणिले १८०० ठिपके होते, पण कार्यक्रमांना सांगितलं जायचं की समजा १४४० गुणिले ९०० आहेत. एका हिशोबी ठिपक्यामागे प्रत्येक बाजूनं काचेवरचे दोन. आपल्या शेजारणीच्या लॅपटॉपवर हे प्रमाण दीड होतं. खिडकी हिशोबानं ८०० गुणिले ६००, काचेवर १२०० गुणिले ९००.

चित्र काढलं होतं काचेवरच्या ठिपक्यांत. टिचकी आली हिशोबाच्या ठिपक्यांत. अगदी मधोमध टिचकी मारली, तर माऊसकडून निरोप आला की डावीकडून ४००, वरून ३००. खरा निरोप! पण आलेखानं तो आपल्या १२०० गुणिले ९०० च्या मापात वाचला. ४०० म्हणजे बाराशेचा तिसरा हिस्सा, म्हणून सकाळचे ८. वरून ३००, म्हणजे खालून ६००, नऊशेतले दोन हिस्से, म्हणून ८ फूट. दुपारी १२ चं ६ फूट पाणी सकाळी ८ चं ८ फूट झालं. खोटं कुणीही बोललं नाही.

हे शेवटचं वाक्य आम्हाला स्वस्थ बसू देईना. कारण भ्रम म्हणजे काय, यावर आपल्या दर्शनांत शेकडो वर्षं भांडण चाललं आहे, आणि वर्गात आम्ही ते शिंपल्यावरच्या चांदीच्या उदाहरणानं शिकवत आलो. नैयायिक म्हणतात, शिंपल्याच्या जागी दुसरीकडची चांदी दिसते. वस्तू आहे एक, ज्ञान होतं दुसऱ्या रूपानं. याला अन्यथाख्याति म्हणतात. प्रभाकर मीमांसक म्हणतात, चुकीचं ज्ञान असा प्रकारच नाही. ‘हे’ असं समोरचं दिसणं झालं, ते खरं. ‘चांदी’ ही आठवण झाली, तीही खरी. फक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात आलं नाही. भेदाचं अग्रहण, बस्स. याला अख्याति म्हणतात.

खरं सांगायचं तर आम्ही जन्मभर प्रभाकरांना दुय्यम मानलं. परीक्षेला त्यांच्यावर पाच गुणांची टीप असायची. वाटायचं की हा वकिली युक्तिवाद आहे. पण हा बग पाहिल्यावर वाटलं, की प्रभाकरांना याहून चोख उदाहरण मिळालं नसतं. टिचकीचा निरोप खरा, चित्राचं माप खरं, दोघांची जात वेगळी हे तेवढं कुणी पाहिलं नाही. ४०० हा आकडा आला तेव्हा त्याच्या अंगावर कुठल्या ठिपक्यांचे ४०० हे लिहिलेलं नव्हतं. आकड्यांना कपडे नसतात. १९९९ मध्ये मंगळाकडे गेलेलं अमेरिकेचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर असंच हरवलं. एका गटाचा हिशोब पौंडांच्या मापात, दुसऱ्याचा न्यूटनच्या. आकडे दोघांचे बरोबर.

आपल्या तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या सड्यावर कातळशिल्प आहे. तिथे होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल. सुई तिथे खोटं बोलते का? ती जवळच्या चुंबकत्वाला प्रामाणिकपणे उत्तर देते. आपण ते उत्तर उत्तर दिशेचं समजून घेतो.

आता येऊ दुरुस्तीकडे, कारण समीक्षा तिची करायची आहे. दुरुस्ती एकदम झाली नाही, तीनदा झाली. आम्ही या तीन दुरुस्त्या म्हणजे एकाच मजकुराची तीन वाचनं समजतो.

पहिल्या रात्री तिनं पाहिलं की मधोमध टिचकी मारली तर आडवे २०० ठिपके कमी पडतात आणि उभे १५० जास्त होतात. तिनं कोडमध्ये २०० मिळवले, १५० वजा केले. मधोमध टिचकी, उत्तर १२ तास, ६ फूट. ती खूष, आम्हीही खूष. सकाळी तिनं पुन्हा कोपरे तपासले. जो डावा वरचा कोपरा आधी बिनचूक होता तो आता ४ तास, १० फूट दाखवू लागला. जे शाबूत होतं तेही मोडलं. ही दुरुस्ती म्हणजे शब्दार्थ न कळता केलेलं भाषांतर. एका वाक्यात जमतं, कारण त्या वाक्यावरच बेतलेलं असतं. असे आकडे कोडमध्ये सापडले की प्रोग्रॅमर त्यांना जादूचे आकडे म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत.

दुसरी दुरुस्ती बरीच समजूतदार होती. दीडनं गुणायचं. चारही कोपरे जुळले, मध्य जुळला, रेषेवरच्या टिचक्या घेतल्या तर पाणी सर्वात वर दुपारी ३ वाजता, साडेसात फूट. वहिनींची ऑइलपेंटची रेघ आणि कॉम्प्युटर एका मतावर आले. आम्ही म्हटलं, झालं काम. इथे आम्ही दुसऱ्यांदा चुकलो. एका शाळेत मुलांना हे दाखवायला गेलो. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला, खिडकी सरकवून भिंतीवर नेली, आणि मधोमध टिचकी मारली. उत्तर, संध्याकाळचे ६, ३ फूट! प्रोजेक्टरच्या पडद्याचं प्रमाण एक होतं, दीड नव्हतं. मुलं हसली, मास्तरांनी डोळे वटारले, आम्ही मात्र मनातून त्या मुलांचे आभारी होतो. दीड हा आकडा तिच्या लॅपटॉपचा स्वभाव होता. तिनं त्याला जगाचा नियम केला होता.

तिसऱ्या दुरुस्तीआधी तिनं एक चांगली गोष्ट केली. दुसऱ्यांनी हे कसं सोडवलं ते वाचलं. मॅटप्लॉटलिब नावाचं आलेखाचं एक फार मोठं मुक्त सॉफ्टवेअर आहे. जॉन हंटर या अमेरिकन मेंदू-संशोधकानं फेफऱ्याच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत्संकेत बघता यावेत म्हणून ते सुरू केलं. २०१२ मध्ये तो वारला, सॉफ्टवेअर चालू आहे. त्याच्या एका भागात टिचकीची जागा काढणारं छोटंसं कार्य आहे. ते टिचकीची जागा पडद्याच्या प्रमाणानं गुणतं, आणि वरून-खालीचं खालून-वरही करतं. आणि वर साध्या भाषेत टीप लिहिलेली आहे, की टिचकी हिशोबाच्या ठिपक्यांत येते आणि चित्र काचेवरच्या ठिपक्यांत काढलेलं असतं.

आमच्या दृष्टीनं ती टीप हीच खरी दुरुस्ती. गुणाकार हा तिचा परिणाम. प्रभाकरांचं म्हणणं मानलं तर भ्रमावर उपाय एकच, भेदाचं ग्रहण. दोन गोष्टी दोन आहेत असं म्हणणं. पहिल्या दोन दुरुस्त्यांनी उत्तर बरोबर आणलं, किंवा आणल्यासारखं केलं, पण भेदाला नाव दिलं नाही. म्हणून जागा बदलली की चूक परत आली. शेजारणीच्या तिसऱ्या दुरुस्तीत तिनं दोन नावं केली. एका आकड्याला हिशोबाचा म्हटलं, एकाला काचेवरचा. आणि प्रमाण सुरुवातीला एकदा न विचारता प्रत्येक टिचकीला विचारलं, कारण खिडकी केव्हाही भिंतीवर जाऊ शकते.

मॅटप्लॉटलिबच्या त्या कार्याबद्दलही एक तक्रार आहे, समीक्षक म्हणून ती नोंदवली पाहिजे. टीप चांगली आहे, पण बाहेर येणारे आकडे पुन्हा नागडेच. टिचकीच्या नोंदीत तास-फुटांसारख्या विदेच्या मापांना वेगळं नाव आहे, ते उत्तम. ठिपक्यांच्या मापांना मात्र नुसती एक्स आणि वाय. कुठले ठिपके, हे नाव सांगत नाही, ज्यानं टीप वाचली त्यालाच ठाऊक. म्हणजे भेदाचं ग्रहण ग्रंथात झालं, व्यवहारात पुढच्याच्या स्मरणशक्तीवर सोडलं. इतक्या थोर कामाला असं म्हणणं आगाऊपणाचं वाटेल, पण आम्ही म्हणतो.

आता कुणी नैयायिक इथे बसला असेल तर तो हात वर करेल. तो म्हणेल, सर, भेद न कळणं म्हणजे नुसता अभाव. अभावानं माणूस हलत नाही. शिंपला बघून माणूस वाकतो, हात घालतो, ते ‘ही चांदी आहे’ असं त्याला वाटलं म्हणून. तुम्ही वहिनींकडे जाऊन दहा फूट म्हणालात ते काय अभावामुळे? हा आक्षेप जुना आहे आणि जड आहे. आम्ही कोड पुन्हा पाहिला. ती चुकीची ओळ नुसती गप्प नव्हती. तिनं टिचकीचा ४०० घेतला आणि चित्राच्या मापाच्या जागी नेऊन ठेवला. ठेवणं ही कृती झाली. हे ते आहे, असं तिनं म्हटल्यासारखंच झालं. इथे आमचं मत डळमळतं, आणि आम्ही ते लपवत नाही. पण एक पाहा. ती ओळ पहिल्यांदा लिहिली गेली तेव्हा, दोन ठिपके एकच असण्याच्या काळात, ती खरी असणार. ओळ बदलली नाही, पडदे बदलले. कुणीही चुकीचं न म्हणता एक खरं विधान खोटं झालं. याला अन्यथाख्याति म्हणायचं तर कुणाची? आम्हाला अजून सुचलेलं नाही.

आणखी एक गंमत. तिनं चित्राच्या कडा आधी लिहून न देता जर असं केलं असतं, की आधी कडांवरच टिचक्या मारायच्या, हा शून्य तास, हा चोवीस तास, आणि मग रेषेवर, तर बग असूनही उत्तर बिनचूक आलं असतं! कडाही आकसल्या असत्या, रेषाही तितकीच आकसली असती. जुन्या कागदांवरून आकडे काढणारे बरेचजण असंच करतात. मग त्यांना हा बग कधी दिसतच नाही. आमच्या लहानपणी गावागावाची पायली वेगळी असे. देणं आणि घेणं एकाच पायलीनं झालं तर पायली लहान आहे हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही. वाद व्हायचा तो दुसऱ्या गावचा गिऱ्हाईक आला की.

ती दुरुस्ती पुढे पाठवण्याबद्दल थोडं सांगतो, कारण समीक्षेच्या परंपरेशी त्याचा संबंध आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती पाठवायची म्हणजे मूळ काय होतं आणि आपण काय बदललं हे ओळीओळीनं दाखवावं लागतं. गेलेली ओळ आणि आलेली ओळ शेजारी शेजारी. ग्नूप्लॉट नावाचं १९८६ पासूनचं एक आलेखाचं सॉफ्टवेअर आहे. नावात ग्नू असलं तरी त्याचा ग्नू प्रकल्पाशी संबंध नाही. त्याचा परवाना तर सांगतो की बदललेला अख्खा मूळ कोड वाटू नका, मूळ जसंच्या तसं ठेवा आणि आपला बदल वेगळा जोडून द्या. हे वाचल्यावर आम्हाला कात्यायन आठवले. पाणिनीचं सूत्र ते खोडत नाहीत. सूत्र तसंच, खाली वार्तिक. जे सांगितलं, जे सांगायचं राहिलं आणि जे नीट सांगितलं गेलं नाही, त्या तिन्हींचा विचार करायचा तो वार्तिकानं. शेजारणीची दुरुस्ती तिसऱ्या प्रकारची वाटते, पण आम्ही ती दुसऱ्या प्रकारात घालू. सूत्रकारानं वाईट सांगितलं नव्हतं, पुढे पडदे बदलतील हे सांगायचं राहिलं होतं.

तिनं ती पाठवली. पलीकडून कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं, की ठीक दिसतंय, पण तपासणी जोडा, म्हणजे पुढे कुणी मोडली तर कळेल. तिनं चार कोपरे जोडले. प्रमाण एक, दीड आणि दोन, प्रत्येकाला चार कोपरे. बारा प्रश्न, सगळे मिळून असे की आमच्या ताळ्यासारखे फसणार नाहीत. एका दुरुस्त्या सुचवणाऱ्यानं असंही विचारलं, की हे कुठे सापडलं? तिनं लिहिलं, पुराच्या जुन्या कागदावर.

इथल्या मुलांसाठी एक माहितीची गोष्ट. मुंबईच्या आयआयटीत फॉसी नावाचा प्रकल्प आहे, तो शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर यावं म्हणून काम करतो. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. कोड उघडून बघायला पुण्यामुंबईला जावं लागत नाही, एवढ्यासाठी सांगितलं. तो कोड बंद पेटीतला असता तर आम्ही काय केलं असतं? तक्रार लिहिली असती आणि वाट पाहिली असती. आणि तक्रारीत लिहिणार तरी काय, पाणी सकाळी येतंय?

वहिनींचा माळा नऊ फुटांवर बांधून झाला. साडेसातच्या रेघेवर दीड फूट. गोणी वर न्यायला वेळ किती, याचं उत्तरही दिलं. त्या दिवशी सकाळी ८ पासून पाणी चढायला लागलं, १० वाजता ३ फूट होतं, १२ वाजता ६. म्हणजे पहिले दोन तास हातात. वहिनी म्हणाल्या, "ते मला ठाऊक होतं सर, कागदाचं तुम्हाला बघायचं होतं म्हणून दिला." कागद त्यांनी परत मागितला. तो आता दुकानात काचेच्या चौकटीत आहे. चौकट लावताना सुतारानं वरची कड जरा दाबून बसवली, त्यामुळे बारा फुटांची रेघ दिसत नाही. शेजारणीनं ते पाहिलं आणि ती काही बोलली नाही, पण तिनं पेन्सिलनं चौकटीवर बाहेरून एक छोटी खूण केली आहे.

प्रश्न असतील तर घेऊ. नैयायिकांना आधी.